कपाळावरचा दिवा : किती उजेड पुरे?

आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी हेडलॅम्पवर बोलायचं काय कारण? आमचं उत्तर सरळ आहे. न्यायशास्त्रात डोळ्यांनी होणाऱ्या ज्ञानाची कारणं सांगताना नुसते डोळे आणि वस्तू एवढ्यावर भागवलेलं नाही. त्यासोबत उजेडाचा संयोगही लागतो. डोळे शाबूत आहेत, वस्तू समोर आहे, पण उजेड नाही, तर ज्ञान नाही. म्हणजे उजेड हा ज्ञानाचा साहाय्यक आहे. तो साहाय्यक जर आपण पैसे मोजून दुकानातून विकत आणणार असू, तर त्याच्याविषयी नीट विचार करायला काय हरकत आहे?

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. आपल्याकडे रात्री बाहेर पडणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक हौसेनं जाणारे. कळसूबाईला सूर्योदय बघायचा म्हणून पहाटे दोन-तीनला बारी गावातून चढायला लागणारे, हरिश्चंद्रगडावर मुक्काम करणारे. दुसरे नाइलाजानं जाणारे. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीच्या पाळीत येते, त्या आठवड्यात दारं धरायला जाणारे शेतकरी. यांच्या पायाखाली घोणस असू शकते, कोकणात फुरसं असू शकतं. त्यांच्यासाठी दिव्याची निवड ही चैनीची बाब नाही. आपण दोघांचाही विचार करू, कारण गंमत अशी की दोघांना एकच दिवा चालत नाही.

रात्रीच्या दिव्याचं नेमकं काम

वेदान्तातला दोरी आणि सापाचा दृष्टान्त सगळ्यांना माहीत आहे. वाटेवर दोरी पडलेली असते, माणसाला साप वाटतो. पण त्या दृष्टान्तातली एक अट आपण बहुतेक वेळा विसरतो. हा भ्रम कधी होतो? पूर्ण अंधारात होत नाही, कारण तिथे काहीच दिसत नाही. लख्ख उजेडात होत नाही, कारण तिथे दोरी दोरीच दिसते. भ्रम होतो तो अर्धवट उजेडात. काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते कळत नाही.

आता हा दृष्टान्त उलटा करून बघा. वाटेवर साप आहे आणि आपल्याला तो दोरी वाटला, वेल वाटला, ठिबकची नळी वाटली. इथे नुसती फजिती होत नाही, जिवावर बेततं. म्हणून दिव्याची कसोटी ‘तो किती झगझगीत आहे’ ही नव्हे. ‘पुढचं पाऊल जिथे पडणार, तिथली दोरी आणि साप यांतला फरक तो दाखवतो का’, ही खरी कसोटी. पुढे जे जे आकडे सांगणार आहोत ते या एका कसोटीला लावून बघायचे.

आणि हातात धरायच्या विजेरीऐवजी डोक्यावर दिवा कशाला? खाणकामगारांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. एका हातात दिवा असला की कामाला एकच हात उरतो. म्हणून आधी टोपीवर कार्बाइडचा दिवा आला, मग कमरेला बॅटरी आणि टोपीवर विजेचा दिवा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढताना दोन्ही हात कठड्याला हवेत. दारं धरताना दोन्ही हात फावड्याला हवेत. शिवाय जिकडे मान वळते तिकडे उजेड वळतो. त्यामुळे लक्ष आणि उजेड एकत्र राहतात.

हे दिवे इतके छोटे झाले ते पांढऱ्या एलईडीमुळे. त्याच्या मुळाशी निळा एलईडी आहे, ज्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चं भौतिकीचं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशावर पिवळ्या प्रकाशाचं एक लेपन काम करतं आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, रंगाच्या वेळी पुन्हा लागेल.

लुमेन, कँडेला, लक्स

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतात ते लुमेन. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. विहिरीतून पंप एकूण किती पाणी उपसतो, तसं. पण ते पाणी एका सरीत सोडलं की सगळ्या वावरात पसरलं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी कँडेला. एका दिशेनं झोत किती एकवटलेला आहे, ते कँडेला सांगतं. आणि प्रत्यक्ष जमिनीवर किती उजेड पडला, ते लक्स.

यांचं नातं सोपं आहे. कँडेलाला अंतराच्या वर्गानं भागलं की लक्स मिळतात. समजा झोत ४०० कँडेलाचा आहे. दोन मीटरवर १०० लक्स पडतील. चार मीटरवर अंतर दुप्पट झालं, पण उजेड निम्मा न होता चौथाई झाला, म्हणजे २५ लक्स. दहा मीटरवर ४, वीस मीटरवर १. अंतर दुप्पट हवं असेल तर झोत चौपट हवा. याला व्यस्त वर्गाचा नियम म्हणतात आणि कुठल्याही कंपनीला त्यातून सवलत नाही.

खोक्यावर ‘झोत ८० मीटर’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय? विजेऱ्यांसाठी २००९ साली एफएल १ नावाचं अमेरिकी मानक आलं. त्यानुसार उजेड पाव लक्सवर जिथे येतो, ते झोताचं अंतर धरतात. पाव लक्स म्हणजे साधारण निरभ्र रात्रीचं पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात वाट आहे एवढं समजतं, वाटेवर काय पडलंय ते समजेलच असं नाही. पुन्हा तोच अर्धवट उजेड! म्हणून आमचा हिशेब असा की खोक्यावरचं अंतर निम्मं करायचं. निम्म्या अंतरावर उजेड चौपट, म्हणजे एक लक्स असतो. ८० मीटर लिहिलं असेल तर ४० मीटरपर्यंत काही कामाचं दिसेल, असं धरून चालावं.

आता डोळ्याची बाजू. गुस्ताफ फेशनर या जर्मन विचारवंतानं १८६०मध्ये संवेदनांच्या मापनावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा गाभा असा की बाहेरचं उद्दीपन ज्या प्रमाणात वाढतं त्या प्रमाणात आपली संवेदना वाढत नाही. ती फार हळू वाढते. त्यामुळे २०० लुमेनच्या जागी ४०० लुमेन आणले तर बॅटरी दुप्पट वेगानं संपते, पण डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही, थोडा जास्त वाटतो. विकणारा लुमेन विकतो, आपण विकत घेतो ती दृष्टी. दोन्ही एकच आहेत असं समजू नका.

मग किती हवेत? तंबूत वस्तू शोधायला, वाचायला ५ ते १० लुमेन भरपूर. मळलेल्या वाटेवर चालायला ३० ते ५० पुरतात. उतारावर, दगडधोंड्यांत, ओढ्यात १०० ते १५० बरे. त्याच्या वरचा उजेड वाट चुकल्यावर लांबचं काही शोधायला, तोही मिनिट-दोन मिनिटं. म्हणजे २०० ते ३०० लुमेनपर्यंत जाणारा, पण खाली ५ पर्यंत उतरणारा दिवा बहुतेकांना पुरतो. वरचा आकडा सगळेच बघतात. खालचा आकडा विचारा. जो दिवा मंद होत नाही तो कामाचा नाही.

किती तास चालेल? गणित आपणच करू

खोक्यावर लिहिलेलं असतं : ‘३०० लुमेन’. खाली लिहिलेलं असतं : ‘१०० तास’. वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही वाक्यं आपोआप जोडली जातात. पण ती दोन स्वतंत्र विधानं आहेत. पहिलं सगळ्यात मोठ्या उजेडाचं, दुसरं सगळ्यात मंद उजेडाचं. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे आपण घरी बसून सिद्ध करू शकतो.

रिमोटमध्ये घालतो ते बारीक सेल, म्हणजे ट्रिपल ए. पुन्हा चार्ज होणारा असा एक चांगला सेल साधारण ८०० मिलिअँपिअर-तासांचा, १.२ व्होल्टचा असतो. गुणाकार केला की जवळजवळ एक वॅट-तास. तीन सेलचे मिळून तीनच्या आत-बाहेर. चांगला एलईडी हेडलॅम्प एका वॅटमध्ये ढोबळमानानं १०० लुमेन देतो. म्हणजे आपल्या खिशात एकूण ३०० लुमेन-तास आहेत. ते कसेही खर्च करा. ३०० लुमेननं एक तास, १०० लुमेननं तीन तास, ५० लुमेननं सहा तास. ३०० लुमेन १०० तास चालवायचे तर ३०० वॅट-तास लागतील, आणि तेवढी बॅटरी कपाळावर बांधली तर मान मोडेल.

आणखी एक बारकावा. त्या एफएल १ मानकात दिवा किती वेळ चालला हे कसं मोजतात? सुरू केल्यावर ३० सेकंदांनंतरचा उजेड धरतात आणि तो दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ मोजतात. त्यामुळे २०० लुमेनचा दिवा पहिल्या तासाभरात झपाट्यानं उतरून पुढे कित्येक तास ३० लुमेनवर रेंगाळला, तरी ते सगळे तास हिशेबात येतात. यात लबाडी नाही, व्याख्याच तशी आहे. पण व्याख्या ठाऊक नसलेल्याची फसगत होते. उजेड वेळेप्रमाणे कसा उतरतो याचा आलेख दिला असेल तर तो आधी बघावा. काही दिव्यांत उजेड स्थिर ठेवणारं सर्किट असतं. त्यांचा उजेड शेवटपर्यंत सारखा राहतो आणि मग एकदम पडतो. असा दिवा घेतलात तर जास्तीचे सेल जवळ हवेतच.

उजेड कुठून पडतो

आता एक मुद्दा, जो खोक्यावर कुठेच लिहिलेला नसतो. खड्डा आपल्याला खड्डा म्हणून दिसतो तो बऱ्याच अंशी त्याच्या सावलीमुळे. दिवा कपाळावर असला की उजेड आणि नजर जवळजवळ एकाच रेषेत येतात. मग सावली वस्तूच्या मागे लपते आणि जमीन सपाट भासते. उतारावर पायरीचा अंदाज चुकतो तो अशाने. उपाय सोपा आहे. उतारावर, हात मोकळा असेल तिथे, दिवा काढून कमरेच्या उंचीवर धरा. लगेच दगडांना सावल्या येतात आणि जमीन जिवंत होते. म्हणून पट्टा चटकन निघणारा हवा.

पावसाळ्यात सह्याद्रीत धुकं असतं तेव्हा हाच प्रकार अधिक तीव्र होतो. धुक्याचे थेंब उजेड परत डोळ्यांकडे फेकतात. तुम्ही उजेड वाढवता, पांढरी भिंत आणखी पांढरी होते. इथे ४०० लुमेनवाला आंधळा आणि ५० लुमेनवाला डोळस ठरतो. धुक्यात उजेड कमी करा, दिवा खाली धरा, झोत पायांपुढे दोन-तीन मीटरवर ठेवा.

झोत रुंद हवा की अरुंद, हे कामावर ठरतं. हाताजवळच्या कामाला, स्वयंपाकाला, तंबू उभारायला, पाइप जोडायला पसरट उजेड हवा. पायवाट शोधायला मध्यम झोत हवा. दोन्ही सोयी असलेला दिवा मिळाला तर उत्तम. एकच निवडायचा तर पसरट बाजूला झुकलेला निवडा, कारण रात्रीचं बहुतेक काम चार मीटरच्या आतलं असतं.

रंगाचा प्रश्न

डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढऱ्या उजेडाकडे क्षणभर पाहिलं की ती सवय मोडते. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधुक उजेडात काम करतात, त्यांना गडद तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. म्हणून मंद तांबड्या दिव्यात काम केलं तर अंधाराची सवय टिकते. तारे बघणाऱ्यांना हा दिवा हवाच. तंबूत दुसऱ्याची झोप न मोडता उठायलाही तो बरा.

पण इथे सावध राहा. तांबड्या उजेडात रंगांचे भेद नाहीसे होतात. नकाशावरची तांबडी रेघ कागदात विरघळते, रक्त ओळखू येत नाही, पाचोळ्यातल्या तपकिरी फुरशाची नक्षी पुसट होते. बसल्या जागी तांबडा चालेल. चालताना पांढराच.

पांढऱ्यातही फरक असतो. मघाशी म्हटलं तसं, पांढऱ्या एलईडीचं मूळ निळ्यात आहे. स्वस्त दिव्यात ते निळेपण जास्त राहतं आणि रंग फिके, मातकट दिसतात. रंग कितपत खरे दिसतात याचा एक निर्देशांक असतो, त्याची कमाल १००. साधे दिवे ७०च्या आसपास असतात, चांगले ९०च्या वर. जखम बघायची असेल, वायरींचे रंग ओळखायचे असतील, तर ९०वाला घ्या, चार लुमेन कमी असले तरी. किंचित पिवळसर उजेड रानात डोळ्याला सुसह्यही वाटतो.

सेल कोणता?

दोन मार्ग आहेत. एक, बारीक सेलचा दिवा. फायदा हा की असे सेल कुठल्याही गावच्या दुकानात मिळतात. दुसरा, आत लिथियम-आयन बॅटरी असलेला, केबल लावून चार्ज करायचा. यात १८६५० नावाचा सेल पुष्कळदा असतो. त्या आकड्यात गूढ काही नाही. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. तो पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो आणि चांगला असेल तर दहा-अकरा वॅट-तास देतो. म्हणजे आपल्या तीन बारीक सेलच्या तिपटीहून अधिक.

बाजारात या सेलवर ‘९९०० मिलिअँपिअर-तास’ असंही छापलेलं दिसतं. या आकाराचे उत्तम सेल ३५००च्या आसपास थांबतात. त्यामुळे ९९०० वाचलं की तो सेल खाली ठेवायचा. जो एका आकड्यात खोटं बोलतो त्याच्या सुरक्षिततेवर काय विश्वास ठेवायचा? खराब लिथियम सेल पेटू शकतो, आणि हा तर कपाळाशी बांधायचा आहे.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. एकदाच वापरायचे लिथियम सेल टिकतात. रात्री दिवा स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याजवळ ठेवावा. आणि विमानात जास्तीचे लिथियम सेल सामानात टाकायचे नाहीत, हातातल्या पिशवीत न्यायचे.

पाणी, वजन, बटण

पाण्याबाबत ‘आयपीएक्स’ आणि पुढे आकडा असतो. ४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी सोसतो. साध्या पावसाला पुरे. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. ओढा ओलांडणार असाल, पाटात काम करणार असाल, तर ७ घ्या.

वजन सेलसकट धरा. शंभर ग्रॅमच्या आतला दिवा तासन् तास कपाळावर जाणवत नाही. त्याहून जड असेल तर बॅटरी डोक्याच्या मागे आणि पट्टा डोक्यावरूनही जाणारा हवा.

बटणाची परीक्षा दुकानातच घ्या. डोळे मिटा. दिवा लावा, मंद करा, तांबडा करा, विझवा. चार-पाच प्रयत्नांत जमलं नाही तर रानात, ओल्या बोटांनी, घाबरलेल्या मनानं जमणार नाही. दाबताच डोळे दिपवणारा उजेड लागतो की मंदापासून सुरुवात होते, हेही बघा. आणि बटण कुलूपबंद करायची सोय आहे ना, ते विचारा. नाहीतर दिवा पिशवीत आपला आपण लागतो आणि गडावर पोचेपर्यंत सेल रिकामे.

दोन माणसं, दोन दिवे

आता सगळं एकत्र आणू. कळसूबाई चढणाऱ्याला चार तास ५० लुमेन हवेत, मधूनमधून १००. बेरीज २५० लुमेन-तासांच्या घरात. तीन बारीक सेल पुरतात, आणि खिशात आणखी तीन. दिवा हलका, आयपीएक्स ४, तांबड्या उजेडाची सोय. झालं.

दारं धरणाऱ्याचा हिशेब वेगळा. वीज रात्रीची, आठ तासांच्या आसपास. पायाखालचं स्पष्ट दिसायला १०० लुमेन. म्हणजे ८०० लुमेन-तास, आठ वॅट-तास. तीन बारीक सेल पहाटेच्या आत कधीच संपतील. त्याला १८६५० सेलचाच दिवा हवा, पसरट झोताचा, आयपीएक्स ७, रंग खरे दाखवणारा, आणि जवळ भरलेला दुसरा सेल. सोबत गमबूट आणि काठी. दिवा साप दाखवतो, अडवत नाही. उसात बिबट्याचा वावर असेल तिथे वाकून काम करताना झोत फक्त जमिनीकडे राहतो, म्हणून सोबतीला माणूस आणि एक लांब झोताची विजेरीही हवी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. चांगला दिवा हा शेतकऱ्याच्या रात्रीच्या कामावरचा खरा उपाय नाही. खरा उपाय दिवसा वीज. त्यासाठी सौर कृषी वाहिनीसारख्या योजना २०१७पासून आहेत. त्या शेवटच्या पंपापर्यंत पोचेपर्यंत माणसाला अंधारात जावंच लागणार. तोवर त्याच्या कपाळावर फसवा दिवा असू नये, एवढीच आपली मागणी.

दुसऱ्याचे डोळे

शेवटी थोडी रीतभात. हेडलॅम्प घातलेला माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याच डोळ्यांत उजेड मारतो, कारण आपण बोलताना तोंडाकडे बघतो. बोलण्याआधी दिवा खाली वळवा किंवा हात आडवा धरा.

हे डोळे माणसांचेच असतात असंही नाही. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे बघायला गर्दी होते. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक आहे. तिथे पांढरा झोत फिरवणं म्हणजे दोघांच्या बोलण्यात भोंगा वाजवणं. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, समुद्र त्यांना त्या उजेडावरून सापडतो. तिथे आपला दिवा त्यांना उलट्या वाटेला लावतो. अशा ठिकाणी दिवा विझवता येणं, हे दिवा वापरता येण्याचंच एक अंग आहे.

वैशेषिक म्हणतात, अंधार ही स्वतंत्र वस्तू नाही, तो उजेडाचा अभाव आहे. भाट्ट मीमांसक म्हणतात, नाही, अंधार हेही द्रव्यच आहे. हा वाद आपण आज मिटवणार नाही. पण रात्री रानात गेलेल्याला मीमांसकांचं म्हणणं थोडं पटतं. अंधार सगळाच हटवायचा नसतो. त्यातला आपल्या पावलापुरता बाजूला करायचा असतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*मोबाईलची बॅटरी असताना वेगळा दिवा कशाला?*

मोबाईल हातात धरावा लागतो, म्हणजे एक हात गेला. आणि अपघात झाला तर मदतीला बोलवायचं साधन तेच. ज्या फोनवरून मदत मागायची त्याची बॅटरी उजेडासाठी संपवू नये.

*कोणत्या कंपनीचा घ्यावा?*

नाव सांगण्यापेक्षा प्रश्न सांगतो. सगळ्यात कमी उजेड किती? १०० लुमेनवर किती तास? सेल बदलता येतो का? पाण्याचा आकडा कोणता? रंगाचा निर्देशांक किती? या पाचांची उत्तरं लिहून देणारी कंपनी चांगली. नुसतेच लुमेन सांगणारी सोडून द्या.

*घरी वयस्कर माणसं आहेत. त्यांना उपयोग होईल?*

जरूर होईल. वीज गेली की म्हातारी माणसं अंधारात पडतात. उशाशी हलका हेडलॅम्प ठेवा, एका बटणाचा. गावाकडे जमिनीवर अंथरूण घालून झोपत असाल तर मच्छरदाणी नीट खोचा, कारण मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. उठायच्या आधी दिवा लावा, अंथरुणाभोवती बघा, चपला झटका आणि मगच पाय खाली टेका.

*एकच दिवा नेला तर चालेल?*

नाही. जी गोष्ट बिघडली तर परत येता येत नाही, ती कधी एकटी न्यायची नाही. दुसरा दिवा अगदी लहान असला तरी चालेल. पण असू द्या.